हजेरी, पास आणि पाल : संचारस्वातंत्र्याच्या भारतीय इतिहासातील एक प्रकरण

संचारस्वातंत्र्याचा इतिहास मांडताना अभ्यासकांची पावले बहुधा दोन ठिकाणी थांबतात. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेरावे कलम हे पहिले ठिकाण. आणि भारतापुरते बोलायचे तर राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील (घ) आणि (ङ) हे उपखंड हे दुसरे. यांपैकी पहिला उपखंड देशात सर्वत्र फिरण्याचा आणि दुसरा कोठेही वस्ती करून स्थायिक होण्याचा हक्क देतो. तिथून पुढची वाट ठरलेली असते. सतवंतसिंग साहनी खटला (१९६७), मनेका गांधी खटला (१९७८), पारपत्र आणि परदेशगमन. या इतिहासातील नायक विमानतळाच्या दारात उभा असतो. त्याच्या हाती पारपत्र आहे किंवा ते सरकारने काढून घेतले आहे, एवढाच काय तो प्रश्न.

या इतिहासात काही खोटे नाही. पण तो अर्धा आहे. भारतात ज्यांचा संचार खऱ्या अर्थाने आणि पिढ्यान्‌पिढ्या कायद्याने बांधला गेला, ती माणसे परदेशी निघालेली नव्हती. ती शेजारच्या गावच्या बाजारात टोपल्या विकायला निघालेली होती. त्यांना गावाची शीव ओलांडण्यासाठी 'पास' लागत असे आणि संध्याकाळी 'हजेरी' द्यावी लागत असे. १८७१ ते १९५२ या एक्क्याऐंशी वर्षांच्या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील आणि पुढे स्वतंत्र भारतातील अनेक जमातींच्या बाबतीत चालणे हीच संशयास्पद कृती ठरली होती. संचारस्वातंत्र्याच्या भारतीय इतिहासाचा आरंभ या शिवेपासून केला, तर त्या हक्काचे स्वरूप निराळे दिसू लागते आणि त्याची साधनेही बदलतात. न्यायनिवाड्यांच्या जोडीला कादंबऱ्या आणि आत्मकथने पुराव्याच्या आसनावर येऊन बसतात.

१८७१ चा सत्ताविसावा कायदा म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. प्रारंभी तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब येथे लागू झाला, १८७६ मध्ये बंगालमध्ये आला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचा विस्तार झाला. १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. कायद्यामागील युक्तिवाद सर्वपरिचित आहे. या देशात सुतारी, विणकाम हे धंदे जसे जातीने आणि जन्माने चालत येतात, तसाच काहींचा चोरीचा धंदाही जन्माने चालत येतो, असे तो पुढे रेटणाऱ्यांचे म्हणणे होते. ठगांच्या बंदोबस्तासाठी १८३६ मध्ये जो कायदा झाला होता, त्यात विशिष्ट टोळीचा घटक असणे हाच गुन्हा मानण्याची वाट आधीच मोकळी झाली होती. १८७१ च्या कायद्याने टोळीच्या जागी जमात आणली.

या कायद्याची चर्चा करताना 'जन्मजात गुन्हेगार' या कल्पनेवर इतका भर दिला जातो की त्यातील दुसरे, अधिक अर्थपूर्ण कलम नजरेआड होते. एखाद्या जमातीला निश्चित वसतिस्थान नसेल तर स्थानिक सरकारने आपल्या अहवालात दोन गोष्टी नमूद कराव्यात, असे या कायद्यात म्हटले होते : ती जमात काही कायदेशीर व्यवसाय करते काय, आणि करीत असल्यास तो तिचा खरा व्यवसाय आहे की गुन्ह्याची सोय व्हावी म्हणून घेतलेले सोंग आहे. स्थिर माणसाच्या व्यवसायाविषयी असा प्रश्न कायदा विचारीत नाही. गावातला सुतार हा खरोखर सुतार आहे की सुताराचे सोंग घेतलेला चोर आहे, याचा खुलासा कोणत्याही अहवालात मागितला गेला नसता. फिरणाऱ्या कैकाड्याची टोपली मात्र आधी संशयित आणि नंतर टोपली. शिवाय सरकारने एकदा अधिसूचना काढली की तिच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न कोणत्याही न्यायालयात उपस्थित करता येत नसे.

अधिसूचित जमातीच्या माणसांची नोंदवही तयार होई. त्यांच्यासाठी हद्द ठरवली जाई. हद्दीबाहेर जायचे तर पास घ्यावा लागे. पासावर कोठे जाणार, किती दिवस राहणार आणि वाटेत कोणापुढे हजर होणार, हे लिहिलेले असे. पासावाचून हद्दीबाहेर सापडलेल्या माणसाला वॉरंटाशिवाय पकडता येई. शिक्षा कैद, दंड किंवा फटके यांची. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहवजा वसाहतींत ठेवण्याची तरतूद आली. १९११ पासून बोटांचे ठसे आले.

एखादी जमात 'भटकी' आणि म्हणून संशयित ठरण्याआधी तिच्या फिरण्याला आर्थिक अर्थ होता, ही बाब मीना राधाकृष्ण यांनी मद्रास इलाख्यातील कोरव-एरुकुलांच्या अभ्यासातून (२००१) पुढे आणली. मीठ आणि धान्य बैलांवर वा गाढवांवर लादून किनाऱ्यावरून आतल्या मुलखात नेणे हा त्यांचा धंदा. लमाण-बंजाऱ्यांची लदेणी ही त्याच व्यवस्थेची उत्तरेकडील आणि दख्खनमधील भव्य आवृत्ती होती. याच काळात मिठावरील जकात वसूल करण्यासाठी इंग्रज सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची एक जकातरेषा उभारली होती. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण वाढवले होते आणि तिच्या राखणीला जवळजवळ १२,००० माणसे होती. १८७९ मध्ये ही रेषा मोडली गेली. परंतु तोवर मिठाच्या जुन्या वाटा मोडून पडल्या होत्या आणि उरलेल्या वाटांवर रेल्वे धावू लागली होती. ज्यांच्या फिरण्यावर मुलूख जगत होता त्यांच्या फिरण्याचे प्रयोजन राज्यसत्तेने प्रथम नाहीसे केले, आणि मग हे लोक निष्प्रयोजन का फिरतात असा प्रश्न त्यांना विचारला.

कायद्याची लोकांच्या तोंडची नावे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. तमिळमध्ये त्याला 'कैरेगै चट्टम्' म्हणजे हातांच्या रेषांचा, ठशांचा कायदा म्हणत. ३ एप्रिल १९२० रोजी मदुराई जिल्ह्यातील पेरुंगामनल्लूर येथे पिरामलै कळ्ळर समाजाने ठसे देण्यास नकार दिला. पोलिसांनी गोळीबार केला आणि किमान १६ माणसे मारली गेली, त्यांत मायक्काळ नावाची एक स्त्री होती. मराठीत मात्र या कायद्याची आठवण 'हजेरी' या शब्दात साठली. हा मूळचा लष्करी शब्द. सैन्यातील शिपायांची गणती ती हजेरी. तमिळ स्मृतीने कायद्याचा क्षण पकडला, ज्या क्षणी हात धरून शाईत बुडवला जातो तो. मराठी स्मृतीने कायद्याची रोजची आवृत्ती पकडली. एका भाषेत प्रतिकाराचे एक ठिकाण आणि एक तारीख आहे. दुसऱ्या भाषेत दररोजची संध्याकाळ आहे. या फरकाची कारणे कळ्ळरांचे गावावरील जुने वर्चस्व आणि मराठी मुलखातील भटक्यांचे गावाबाहेरचे विखुरलेपण यांत शोधता येतील.

मुंबई इलाख्यात वसाहतींची व्यवस्था ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या नावाशी निगडित आहे. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर येथे तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीचे व्यवस्थापन अमेरिकन मराठी मिशनकडे होते. गिरण्यांना मजूर हवे होते आणि वसाहतीत मजूर होते. आंध्र किनाऱ्यावर बापटला-चिरालानजीक साल्व्हेशन आर्मीने चालवलेल्या स्टुअर्टपुरम् वसाहतीचा असाच संबंध चिराला येथील तंबाखू कंपनीशी होता. 'सुधारणा' आणि मजूरपुरवठा या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. स्टार्ट हा केवळ तुरुंगाधिकारी वृत्तीचा मनुष्य होता असे मात्र म्हणता येणार नाही. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली तिचा अध्यक्ष तोच होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते आणि १९३० च्या तिच्या अहवालाने मागासवर्गीयांच्या प्रशासनाचा पाया घातला. कुंपणाची आणि कल्याणाची व्यवस्था एकाच टेबलावरून चालत होती, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढील काळात 'विमुक्त' हा वर्ग कल्याणकारी राज्याच्या कागदपत्रांत ज्या तऱ्हेने अवतरतो, त्याचा उलगडा होत नाही.

याच काळात समुद्रापलीकडे पासविरोधाचा एक मोठा भारतीय अध्याय लिहिला जात होता. ट्रान्सवालमधील भारतीयांनी सक्तीची नोंदणी आणि बोटांचे ठसे यांविरुद्ध सत्याग्रह केला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी गांधीजींच्या नेतृत्वाखाली दोन हजारांहून अधिक खाणकामगार आणि त्यांची कुटुंबे परवान्याविना नाताळची हद्द ओलांडून ट्रान्सवालमध्ये शिरली. संचारबंदीचा भंग पायांनी करण्याचा हा प्रयोग जागतिक इतिहासात नोंदला गेला आहे. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या आपल्या इतिहासात गांधीजी ठशांविषयीची एक गोष्ट सांगतात : बंगालच्या पोलीस खात्यातील हेन्री या अधिकाऱ्याच्या पुस्तकावरून त्यांना कळले की दहाही बोटांचे ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांकडून घेतले जातात. प्रतिष्ठित व्यापाऱ्यांना गुन्हेगारांच्या पंक्तीत बसवले जाणे हा अपमान या लढ्याच्या मुळाशी होता. ट्रान्सवालच्या होळीनंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९११ मध्ये, मायदेशात लक्षावधी माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि त्यावर राष्ट्रीय सभेने कोणतेही आंदोलन उभारले नाही. जवाहरलाल नेहरूंनी १९३६ मध्ये नेल्लोर येथे या कायद्याचा जाहीर निषेध केला. कोणतीही अख्खी जमात गुन्हेगार ठरवता येत नाही, असे त्यांनी म्हटले. तोवर कायद्याला पासष्ट वर्षे झाली होती. ठसे देणाऱ्या मान्यवरांचा अपमान राष्ट्राला चटकन उमगला. ठसे देणाऱ्या डोंबाऱ्याचा उमगायला दोन पिढ्या गेल्या.

कायद्याचा शेवटही सावकाशीने झाला. मद्रासने १९४७ मध्ये आणि मुंबईने १९४९ मध्ये तो रद्द केला. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५० मध्ये अहवाल दिला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातील या जमाती 'विमुक्त' झाल्या. म्हणजे घटना लागू झाल्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ, सर्वत्र संचार करण्याचा मूलभूत हक्क असलेले हे नागरिक पासावाचून हद्द ओलांडली तर देशाच्या काही भागांत गुन्हेगार ठरत होते. त्याच १९५२ साली दक्षिण आफ्रिकेत पास रद्द करण्याच्या नावाचा एक कायदा झाला. त्याने प्रत्यक्षात विखुरलेल्या पासांच्या जागी एकच सक्तीचे पुस्तक काळ्या माणसाच्या खिशात कोंबले. त्याविरुद्धच्या निदर्शनांत २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे ६९ माणसे मारली गेली आणि ते पासकायदे १९८६ पर्यंत टिकले. फ्रान्सने १९१२ च्या कायद्याने भटक्यांच्या हाती शरीरमापांची नोंद असलेली वही दिली होती. १९६९ मध्ये तिच्या जागी प्रवासपुस्तिका आली, आणि ही व्यवस्था पूर्णपणे मोडीत निघायला २०१७ उजाडले. प्रजासत्ताक असणे आणि चालणाऱ्या माणसावर विश्वास असणे या भिन्न गोष्टी आहेत.

आता साहित्याकडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाचे मराठी समाजशास्त्रातील स्थान निर्विवाद आहे. त्यातील फिरस्त्यांविषयीचे विवेचन आज वाचताना मात्र लेखकाची जागा स्पष्ट दिसते. गावगाडा ओढणाऱ्या कुणब्याच्या बाजूने तो बोलतो आहे आणि फिरस्ता त्याला गाड्यावरचे फुकटचे ओझे वाटतो. आत्रे कुणब्याशी प्रामाणिक होते. पण कुणब्याच्या अंगणात उभे राहून पाहिले की पालातला माणूस याचक किंवा चोर याहून वेगळा दिसण्याची शक्यता उरत नाही. मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांविषयीचे इंग्रजी पुस्तक (१९०८) आणि 'गावगाडा' यांची तुलना करावी, म्हणजे वसाहतवादी ज्ञान आणि ग्रामीण सहानुभूती एकाच निष्कर्षाला कशा पोहोचतात हे ध्यानात येईल.

स्वातंत्र्योत्तर कादंबरीने फिरस्त्याला करुणा दिली. रांगेय राघव यांच्या 'कब तक पुकारूँ' (१९५७) या हिंदी कादंबरीत करनट समाजाचे जिणे, पोलिसांची त्या समाजातील स्त्रियांवरील सत्ता आणि नायक सुखरामची घुसमट प्रखरपणे येते. तरीही सुखरामचे मन एका अपुऱ्या किल्ल्यात गुंतलेले आहे. आपण ठाकुरांच्या वंशातले आहोत हा समज त्याला सोडत नाही. नटाला मोठेपण देण्यासाठी लेखकाला किल्ल्याची, म्हणजे स्थावराची, गरज पडते. बंगालीत ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या 'नागिनी कन्यार काहिनी'ने विषबेद्यांना मिथकाच्या धुक्यात नेले. ही सुंदर कादंबरी आहे, परंतु त्या धुक्यात पोलीसचौकी दिसत नाही. पुढे मैत्रेयी पुष्पा यांच्या 'अल्मा कबूतरी' (२०००) मध्ये बुंदेलखंडातील कबूतरा समाज स्थिर समाजाला 'कज्जा' म्हणतो आणि दृष्टी उलटी फिरते. स्थिरांनाच येथे जातिनाम मिळाले आहे. सु. वेंकटेसन यांच्या 'कावल कोट्टम्' (२००८) या तमिळ कादंबरीने कळ्ळरांची राखण करण्याची जुनी वहिवाट आणि तिचे गुन्ह्यात झालेले रूपांतर यांचा शतकांचा पट उलगडला.

मराठीत ही वाट अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) मध्ये आधीच पाडली होती. कादंबरीत मांगांवर लादलेली हजेरी हे केवळ पार्श्वभूमीचे तपशील नाहीत. फकिराच्या बंडाचे ते कारण आहे. वाटेगावहून मुंबईपर्यंत कुटुंबासह पायी आलेल्या लेखकाने चालण्याच्या बंदीवर कादंबरी उभारावी, यात एक अंतर्गत संगती आहे. परंतु फकिरा वीर आहे, आणि वीराचे संचारस्वातंत्र्य घोड्यावर बसलेले असते. पायी चालणाऱ्याचे काय, याचे उत्तर आत्मकथनांनी दिले.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ चे; त्याला १९८८ चा पुरस्कार. त्यांच्या आगेमागे दादासाहेब मल्हारी मोरे यांचे 'गबाळ' आणि भीमराव गस्ती यांचे 'बेरड' आले. या लेखनात एक प्रसंग वेगवेगळ्या तपशिलांनी पुन्हा पुन्हा भेटतो. गाढवांवरचे बिऱ्हाड उतरते, गावाबाहेर पाल पडते, आणि कुटुंबप्रमुख पोलीस पाटलाकडे वर्दी द्यायला जातो. गावात चोरी झाली तर पहिली झडती पालाची. कायदा १९५२ मध्ये गेलेला आहे, परंतु पाटलाच्या ओट्यावर त्याची वार्ता पोहोचलेली नाही. 'उचल्या'त आजोबांच्या पिढीची हजेरी आणि नातवाच्या पिढीची झडती एकाच सलग काळात घडल्यासारख्या येतात. आणि त्या तशाच घडत होत्या.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक काळगत योगायोग थांबवून धरतो. 'उपरा' ज्या वर्षी प्रसिद्ध झाले, त्याच १९८० मध्ये जील दलूझ आणि फेलिक्स ग्वातारी यांचा 'मिल प्लातो' हा ग्रंथ फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाला. त्याने भटकेपणाला राज्यसत्तेच्या पकडीबाहेरील मुक्त अवकाशाचे तात्त्विक रूप दिले. पुढील दोन दशकांत भारतीय विद्यापीठांतही भटकेपणाची ही प्रतिमा सढळपणे वापरली गेली, बहुधा स्थायी नेमणूक असलेल्या विद्वानांकडून. 'उपरा'तील फिरणे मात्र कोणत्याही अर्थाने सत्तेबाहेर नाही. पाटील, फौजदार, जातपंचायत आणि ओल्या फोकांचा बाजारभाव या चार सत्तांनी ते पावलोपावली मोजलेले आहे. बिऱ्हाड हलत राहते म्हणून मुलाची शाळा सुटत राहते. बाप मुलाला शाळेत घालण्याचा हट्ट धरतो तेव्हा तो खरे तर एका जागी राहण्याचा हट्ट धरीत असतो. पुस्तकाचे शीर्षकच स्थिर गावाच्या भाषेतले आहे. उपरा म्हणजे वरून आलेला, येथला नसलेला. लेखक त्या शब्दाला नाकारीत नाही. तो शब्द ज्या गावाने दिला त्या गावात घर मागतो.

संचारस्वातंत्र्याच्या सिद्धान्ताला या आत्मकथनांनी घातलेली ही भर महत्त्वाची आहे. घटनाकारांनी (घ) आणि (ङ) असे दोन उपखंड शेजारी ठेवले, पण विधिचर्चेत दुसरा पहिल्याच्या सावलीत राहिला. ज्याला जमीन आहे, घर आहे, त्याच्या दृष्टीने हक्क म्हणजे बाहेर पडण्याची मुभा. ज्याला सतत हुसकून लावले जाते, त्याच्या दृष्टीने हक्क म्हणजे थांबण्याची मुभा. हद्दीत कोंडणे आणि हद्दीतून हाकलणे या सत्तेच्या दोन्ही क्रिया एकाच समाजावर आळीपाळीने झाल्या. सोलापूरच्या तारेत तो कोंडला गेला, आणि तारेबाहेर कोणत्याही गावाने त्याला शिवेच्या आत घेतले नाही.

न्यायालयांची कामगिरी या बाबतीत संमिश्र आहे. संचारस्वातंत्र्याचा सर्वोच्च न्यायालयापुढील अगदी सुरुवातीचा खटला एका मराठी राजकारण्याचा होता, हे सहसा आठवले जात नाही. मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. नारायण भास्कर खरे यांना १९५० मध्ये दिल्लीतून हद्दपार केले गेले. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो कायदा वैध ठरला. मराठीतील 'तडीपार' हा शब्द १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या ५५ ते ५७ या कलमांमुळे वृत्तपत्रांच्या रोजच्या वापरात राहिला आहे. याहून प्रस्तुत विषयाला जवळचा खटला खडकसिंग यांचा. १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसावर उत्तर प्रदेश पोलिसांनी पाळत ठेवली होती; रात्री दार ठोठावून तो घरी आहे काय हे पाहिले जाई. डिसेंबर १९६२ च्या निकालात बहुमताने रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, उरलेली पाळत मात्र राहू दिली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदवले. पाळतीखाली हिंडणाऱ्या माणसाचे शरीर हिंडते, पण त्याचे हिंडणे मोकळे नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हजेरीच्या शंभर वर्षांचे याहून नेमके वर्णन विधिवाङ्मयात सापडणे कठीण. हे मत बहुमताचे व्हायला २०१७ चा पुट्टस्वामी निकाल यावा लागला.

कायदा गेला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारविषयक राज्यकायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. त्याच वर्षीचा भिक्षाप्रतिबंधक कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांनी डोंबारी, गारुडी, अस्वलवाले यांच्या फिरण्याचे उरलेसुरले व्यावसायिक प्रयोजन संपवले. वन्यजीव कायद्याचा हेतू योग्य होता. ज्यांचा धंदा त्याने बुडाला त्यांच्यासाठी दुसरा धंदा योजण्याचे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये पुरुलियात बुधन शबर याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली, आणि अहमदाबादच्या छारानगरात, जे स्वतः एका वसाहतीतून निर्माण झाले होते, बुधनच्या नावाची नाट्यसंस्था सुरू झाली. बंगालमधील मृत्यू, गुजरातमधील नाटक आणि मराठी आत्मकथनकार यांचा असा संयोग भारतीय साहित्याच्या इतिहासात विरळा आहे. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आपला अहवाल दिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीय तरतुदी रद्द करताना विमुक्त जमातींचा सराईत गुन्हेगारांशी जोडला जाणारा संबंधही मोडून काढला.

आजच्या प्रशासनात हा प्रश्न पासाच्या रूपात राहिलेला नाही. तो दाखल्याच्या रूपात आहे. कैकाडी समाज विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जातींच्या यादीत आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत घातला गेला. ज्यांचा पिंडच जिल्हे ओलांडण्याचा, त्यांचे हक्क जिल्ह्याच्या हद्दीवर बदलू लागले. राज्यांच्या पातळीवर हाच पेच १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आंध्रातून मुंबईत आलेल्या एका आदिवासी कुटुंबातील मुलाने वैद्यकीय प्रवेशासाठी आपली जमात ग्राह्य धरावी म्हणून एकोणिसाव्या अनुच्छेदाचा आधार घेतला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. माणूस राज्याची सीमा ओलांडू शकतो, त्याची अनुसूची त्याच्याबरोबर चालत नाही, असा त्या निकालाचा व्यावहारिक अर्थ झाला.

महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा सादर करावा लागतो. आजोबा त्या तारखेला कोणत्या गावी राहत होते, हे सातबारा, जन्मनोंद किंवा शाळेचा दाखला यांनी दाखवायचे असते. कागद नसेल तर गृहचौकशीचा पर्याय नियमांत आहे. त्यासाठी चौकशीला येणाऱ्या अधिकाऱ्याला अर्जदाराचे पाल त्या दिवशी त्याच जागी सापडावे लागते.